बाई, जेवली का व?

आर्वी,
माघातला बुधवार

बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलेला, मी सकाळी पाहिला. 'सिस्टरबाई, ते मला चोर म्हणून गेले.' बस, एवढंच. फोन लावणार होते, पण फोनवर तू हो-बरं-ठीक यापलीकडे जात नाहीस, थेट मोठ्या बाबांवर, आपल्या सख्ख्या काकांवर गेलास. म्हणून कागद घेतला. एकतीस वर्षं रजिस्टरं भरून अक्षराची वाट लागली आहे, तेवढं सांभाळून घे.

त्या रात्रीचं मला मोठ्या आईनं तेरवीला सांगितलं होतं. शेवटची पंगत उठत होती, तिनं मला न्हाणीकडे नेलं आणि म्हणाली, 'त्यायनं जाताजाता पोराले लय वाईट बोललं, बाई. तेच धरून बसला हाय.' पहाटे तीनची वेळ. चादर ओली झाली होती, ती काढायला तू त्यांना कुशीवर वळवत होतास, आणि त्यांनी तुझा हात झिडकारला. 'तू कोन बे? माह्या घरात काहून घुसला? सातबारा चोराले आला काय?' तुझे बाबा गेले तेव्हा तू तीन वर्षांचा होतास, तेव्हापासून ज्यांनी तुला स्वतःच्या ताटात जेवू घातलं, ते हे बोलले. त्यानंतर ते गुंगीत गेले, आणि दोन दिवसांनी गेले. म्हणजे तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य तेच.

आता मी सांगते ते नीट वाच. आपण जे खातो त्यातून आतड्यात अमोनिया तयार होतो. सगळ्यांच्याच होतो, तुझ्याही पोटात आत्ता होत असेल. धडधाकट लिव्हर तो अडवतं, त्याचा युरिया करतं, आणि युरिया लघवीवाटे निघून जातो. लिव्हर आकसून गाठाळलं, म्हणजे सिरॉसिस झाला, की हे काम बंद पडतं. आतड्याकडून येणारं रक्तही वाट अडल्यामुळे लिव्हरला वळसा घालून पुढे निघून जातं, आणि ती सगळी घाण मेंदूपर्यंत पोचते. आधी झोप उलटी होते, दिवसा पेंग आणि रात्री टक्क जाग. मग हिशेब चुकतो. चिडचिड वाढते. हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितलं, तर पिंपळाच्या पानासारखे फडफडतात. पुढे माणूस माणसाला ओळखत नाही, अंगावरचे कपडे काढतो, शिव्या देतो, आणि शेवटी झोपेत बुडतो. डॉक्टर त्याला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. गावात म्हणतात, 'जाताना खरं तोंड दिसलं.' या एका वाक्याचा मला फार राग आहे.

तुला आठवतं का, दिवाळीच्या आधी सोसायटीच्या कागदावर त्यांची सही जुळली नाही म्हणून तुम्हाला परत पाठवलं होतं? तू मला हसत सांगितलं होतंस, 'मोठे बाबा सही विसरले.' मी तेव्हा हसले नाही, पण बोललेही नाही. ती या आजाराची खूण होती. कागदांचं, सातबाऱ्याचं त्यांच्या डोक्यात तेव्हापासून घोळत असणार. त्या पहाटे तेच वर आलं, आणि समोर तू होतास म्हणून तुझ्यावर आलं. बैल समोर असता तर बैलाला म्हटलं असतं.

मला हे इतकं ठामपणे म्हणता येतं, कारण मी माणूस तिथून परत आलेला पाहिला आहे. माझा धाकटा भाऊ दारव्ह्याकडे राहायचा. गळ्यात तुळशीची माळ, दारूला आयुष्यात शिवला नाही. त्याला हेपॅटायटिस बी होता, कधी आणि कुठून आला ते कळायची सोय नव्हती, वर्षानुवर्षं तो आतल्या आत लिव्हर खात राहिला. डोळे पिवळे झाले तेव्हा घरच्यांनी काविळीची माळ आणून डोक्यात घातली. ती माळ तू पाहिली असशील. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात घट्ट बांधलेले असतात. काड्या सुकतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते आणि डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर उतरते. लोक म्हणतात, कावीळ उतरली. सख्खी बहीण सिस्टर, पण तिला दीड महिना कोणी कळवलं नाही. कळवलं तेव्हा पोट नगाऱ्यासारखं तटतटलं होतं.

वॉर्डात तिसऱ्या रात्री त्यानं मला शिव्या दिल्या. त्या मी इथे लिहू शकत नाही. ज्याच्या तोंडून कधी 'मेल्या' सुद्धा निघालं नाही, त्यानं सख्ख्या बहिणीला अख्ख्या वॉर्डासमोर जे नाही ते ऐकवलं. मला अमोनिया ठाऊक होता, औषधांची नावं पाठ होती, तरी मी संडासात जाऊन नळ सोडून रडले. मग एनिमा झाला, गोड औषध सुरू झालं, पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन निघालं त्याची इंजेक्शनं लागली. दोन दिवसांनी सकाळी मी खाटेच्या पायथ्याशी बसून वेणी घालत होते, तर मागून आवाज आला, 'बाई, जेवली का व?' तोच आवाज. आज वार कोणता, पऱ्हाटीची वेचणी किती राहिली, सगळं विचारलं. रात्रीचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मीही कधी सांगितलं नाही. त्यानंतर तो चार महिने होता.

मोठ्या बाबांना असं परत यायला मिळालं नाही. माझ्या भावात आणि त्यांच्यात फरक तेवढाच. तो बोलला ते पुसलं गेलं, कारण त्यानंतर 'जेवली का' आलं. तुझ्या वाट्याला 'चोराले आला काय' यानंतर काही आलंच नाही, म्हणून ते वाक्य मोठं होऊन बसलं आहे.

तू विचारलं नाहीस, पण मोठ्या आईच्या डोळ्यांत दिसलं म्हणून औषधाचंही लिहिते. ते गोड पातळ औषध, लॅक्टुलोज, दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचाला व्हावं म्हणूनच असतं. पोट साफ झालं की अमोनिया बाहेर पडतो. घरोघरी ते असंच बंद होतं: म्हाताऱ्याला जुलाब लागले, धोतरं किती धुवायची, दोन दिवस थांबवू. मोठ्या आईनंही थांबवलं होतं. त्यानं फरक पडला का? पडला असेल. बद्धकोष्ठानं हे चढतं, तापानं चढतं, आत रक्त पाझरलं तर चढतं, झोपेच्या गोळीनं चढतं. त्यांना त्या आठवड्यात तापही होता आणि शौचाला काळंही झालं होतं, म्हणजे आत रक्त गेलं होतं. यातलं कशानं चढलं हे आता कोणी सांगू शकत नाही. पण औषध कोणी थांबवलं, हा प्रश्न तू मोठ्या आईला कधीही विचारू नकोस. रागात नको, सहजही नको. ती तीन महिने त्यांची धोतरं धुत होती.

आणि तुझ्या आत्यानं 'वरण खाऊ घातलं म्हणून डोक्यात चढलं' असं चारचौघींत म्हटलं, ते खोटं आहे. यात दोष थोडा आमचाच. पूर्वी आम्हीच सांगायचो, वरण बंद, अंडी बंद. आता डॉक्टर उलटं सांगतात: अशा माणसाचं मांस आधीच झडलेलं असतं, त्याला डाळ-अंडं-दूध द्या, रात्री झोपताना काहीतरी खायला द्या, उपाशी ठेवू नका. मोठी आई वेगळ्या गंजात बिनमिठाचं वरण शिजवत होती ते बरोबरच करत होती. आत्याला हे मी सांगेन, तू मध्ये पडू नकोस.

पाणी काढल्याचंही तसंच. 'पोटातलं पाणी काढलं की माणूस टिकत नाही,' हे मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकते. पाणी ज्यांचं काढावं लागतं ते मुळात पुढच्या टप्प्यावर गेलेले असतात, म्हणून तसं वाटतं. जास्त पाणी काढायचं असेल तर सोबत अल्ब्युमिनची, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाची, बाटली लावतात, त्यांना लावली होती. पाणी निघाल्यावर त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसून दोन भाकरी जेवले, हे तूच मला सांगितलं होतंस. ती संध्याकाळ त्या सुईनं दिली.

लोणच्याचं मात्र मला माझं सांगायचं आहे. मीठ पोटात पाणी धरून ठेवतं, म्हणून दिवसाला चहाच्या एका चमच्याच्या आत मीठ, आणि लोणचं-पापड-खारवड्या सगळं बंद. भावाच्या बाबतीत मी हा नियम पहारेकऱ्यासारखा पाळला. शेवटच्या दिवसांत तो दोन घास भातावर आला होता. एक दिवस म्हणाला, 'बाई, आंब्याच्या लोणच्याची फोड दे व, नुसती चाटतो.' मी नाही म्हटलं. समजावून सांगितलं, सोडियम-बिडियम. नवव्या दिवशी तो गेला. त्या एका फोडीनं त्याचं काहीही बिघडलं नसतं, ते तेव्हाही मला ठाऊक असायला हवं होतं. नियम ज्या दिवसांसाठी असतात ते दिवस संपले होते, मला ओळखता आलं नाही. तू मोठ्या बाबांना शेवटी चटणी दिलीस ना चोरून? मोठ्या आईला माहीत आहे. मला तर हेवा वाटला तुझा.

दवाखान्यातून घरी आणलं म्हणून लोक बोलतात, त्यावर मी जास्त लिहीत नाही. डॉक्टर 'घरी न्या' म्हणाले होते. त्यांना कौलाखाली, आपल्या खाटेवर मरण आलं. मी वॉर्डातली मरणं भरपूर पाहिली आहेत.

लिव्हर बदलण्याचं तू तेरवीलाही काढलंस. 'माझं अर्धं दिलं असतं, परत वाढतं म्हणतात.' वाढतं, खरं आहे. देणाऱ्याचंही आणि घेणाऱ्याचंही. पण ऐक. १९९४ चा जो अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आहे, त्यात जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं. २०११ च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडं आली. पुतण्या त्या यादीत नाही. तुला त्यांनी मुलासारखं वाढवलं, पण कागदावर तू पुतण्या. परवानगीसाठी प्राधिकार समितीपुढे जावं लागलं असतं, नागपूरच्या खेपा, लाखांचा खर्च, तुझ्या पोटावर मोठं ऑपरेशन. आणि तुझ्या मनात हे आलं तेव्हा त्यांची किडनीही बसली होती, अंगात इन्फेक्शन होतं. त्या अवस्थेत कोणी टेबलवर घेत नाही. हे तू आधी सांगितलं असतंस तरी मोठे बाबा 'हो' म्हणाले असते, असं मला वाटत नाही. लसीच्या सुईला तू रडलास तर ते बाहेर जाऊन उभे राहायचे.

ते तुला ठाऊक नसेल. तुझी आई शेतावर जायची, म्हणून उपकेंद्रात तुला मोठे बाबाच आणायचे. सायकलच्या दांड्याला टॉवेल गुंडाळून त्यावर तुला बसवलेलं, कॅरेजला कडबा. बायकांच्या रांगेत एकटा गडी. सुई टोचताना मी 'पाय धरा' म्हटलं की ते तुला माझ्या मदतनीसबाईच्या हातात देऊन बाहेर लिंबाखाली जायचे आणि पाठ करून उभे राहायचे. तुझं रडणं थांबलं की आत येऊन विचारायचे, 'झालं काय जी?' तेव्हा ते पीत नव्हते. पिणं नंतर आलं. सलग तीन वर्षं कापूस हातचा गेला त्या काळात.

पण इथे मी त्यांची बाजू घेत नाही. प्यायचे, आणि भरपूर प्यायचे. आपला वर्धा जिल्हा गांधीजींच्या नावानं दारूबंदीचा, तिकडे गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठलीसुद्धा. आपल्या गावात मात्र बाटली मोटारसायकलवर घरपोच येते, दूधवाल्याच्याही आधी. त्यांनी घरात मोठ्या आईवर हात उचलला ते तू पाहिलं आहेस, मीही तिच्या हातावरचा वळ पाहिला आहे. तुला त्यांचा राग येतो, आणि गेल्यावर पहिल्या रात्री तुला निवांत झोप लागली, या दोन्हीची तुला लाज वाटते असं तू बोलून गेलास. राग येऊ दे. तो राग सायकलच्या दांड्यावरच्या टॉवेलला पुसून टाकत नाही. आणि झोप तर लागणारच. तीन महिने रात्रीची झोप कुणाला होती?

हेही त्यांच्या हिशेबात धर, की शेवटचे अकरा महिने त्यांनी थेंब घेतला नाही. गावानं ते मोजलं नाही. सरण पेटायच्या आत 'पिऊन मेला' झालं.

आणि तेही अर्धंच खरं आहे. तेरवीच्या दिवशी मी त्यांची फाइल मागून घेतली, जुनी खोड. आत एक गुलाबी कागद होता, एचबीएसएजी रिॲक्टिव्ह. म्हणजे हेपॅटायटिस बी. कोणीतरी सांगितलंही असेल, पण त्या गडबडीत तुमच्यापैकी कुणाच्या कानावर पडलं नसावं. मला मोठी आई विचारत होती, 'लिव्हर सोरायसिस म्हणजे खरूजच ना जी?' सिरॉसिसचं तिच्या कानात सोरायसिस झालेलं, तिथे एचबीएसएजी कुठून कळणार. हा विषाणू आणि दारू एकत्र आले की लिव्हर दोन्हीकडून जळतं. दारू एकटी असती तर कदाचित आणखी काही वर्षं मिळाली असती, कदाचित नसती. 'कदाचित'वर मी जास्त बसत नाही, तूही बसू नकोस.

त्या कागदाचा तुझ्याशी संबंध आहे, म्हणून मी एवढं लांबवलं. हा विषाणू ताटातून, भांड्यातून, मिठी मारून लागत नाही. रक्तातून लागतो, शरीरसंबंधातून लागतो, बाळंतपणात आईकडून बाळाला लागतो. तुम्ही दोघं एकच ब्लेड वापरायचात. नाही म्हणू नकोस, आरशाच्या खिळ्याला एकच रेझर टांगलेला मी स्वतः पाहिला आहे. आणि तू जन्मलास तेव्हा हेपॅटायटिस बीची लस आपल्या उपकेंद्रात आली नव्हती, मी तुला बाकी सगळ्या सुया टोचल्या, ती नाही. तर तुझी, तुझ्या आईची आणि मोठ्या आईची तपासणी करायची आहे. निगेटिव्ह आली तर लसीचे तीन डोस: आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी. पॉझिटिव्ह आली तर घाबरायचं नाही. प्रत्येकाला लगेच औषध लागत नाही, पण नजर ठेवावी लागते. लागलं तर २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. माझ्या भावाला ते मिळालं नाही, तो आधीच गेला होता.

तेरवीच्या रात्री तूही घेतलीस. मला कळलं. कुणाकडून ते विचारू नकोस. मी रागावले नाही, फक्त रिपोर्ट येईपर्यंत थांब एवढं म्हणते. रिपोर्ट आल्यावर आपण पुन्हा बोलू.

कागदांचं थोडक्यात. मोठे बाबा घरीच वारले, म्हणून मृत्यूची नोंद तुम्हालाच ग्रामपंचायतीत करायची आहे, २१ दिवसांच्या आत. तेरवी होऊन आठवडा होतोय, म्हणजे उद्याच जा. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढ. बँक, सोसायटी, तलाठी, सगळ्यांना लागतात. वारसाचा फेरफार मोठ्या आईच्या आणि चुलत बहिणीच्या नावानं होईल. तू अर्ज लिहून दे, सोबत जा, तलाठ्याशी बोल, पण सह्या त्यांना करू दे. सातबारा हातात घेताना तुला त्या पहाटेचं आठवेल. आठवू दे. घे हातात.

सोमवारी मी बीपीच्या गोळ्यांसाठी उपजिल्हा रुग्णालयात येते. साडेनऊच्या एस.टी.नं मोठ्या आईला आणि आईला घेऊन ये, केसपेपर मी काढून ठेवते. येताना ती फाइल आण, गुलाबी कागद हरवू नकोस. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, तिघंही जेवून या.

तुझी,
सिस्टरबाई